दुबार आठवणी

(पारनेर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा, ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या गुरुजींच्या शाळेत मी आधी गेले. गुरुजींच्या हातचं जुनं जनरल रजिस्टर पाहायला मिळेल का, असं विचारलं आणि ते मिळालं. जन्मतारखेचा रकाना वरून खाली वाचत गेले, तर १ जून, १ जून, पुन्हा १ जून. इथे बसलेल्या कितीतरी जणांचा वाढदिवस कागदावर त्याच दिवशी येतो, माझाही येतो. घरात तारीख कुणी लिहून ठेवलेली नसायची. जूनमध्ये शाळेत घालायचं तर वय भरायला हवं, म्हणून ती तारीख. एका पानावर मला दोन मुलं सापडली. दोघांचं नाव एक, वडिलांचं नाव एक, आडनाव एक, जन्मतारीख अर्थातच १ जून. पाहणारा म्हणेल, नोंद चुकून दोनदा झाली. पण शेऱ्याच्या रकान्यात गुरुजींनी पेन्सिलीने एकापुढे 'मळ्यातला' आणि दुसऱ्यापुढे 'पेठेतला' असं लिहून ठेवलं होतं.

त्या दोन शब्दांसाठी मी आज उभी आहे.

गेली काही वर्षं मी पुण्यात बोलक्या यंत्रांच्या स्मृतीवर काम करते. ज्याला आपण एआय म्हणतो, त्याच्या पोटातल्या भाषा-प्रारूपाला स्वतःची अशी चालू आठवण नसते. एका संभाषणात जेवढा मजकूर त्याच्यासमोर ठेवला जातो, तेवढाच त्याला दिसतो. संभाषण संपलं की पाटी पुसली. म्हणून त्याच्या शेजारी एक वही ठेवावी लागते. जे यंत्र नुसतं उत्तर देऊन थांबत नाही, आपल्या वतीने कामं करतं, वेळेवर आठवण देतं, फॉर्म भरतं, त्याला एजंट म्हणतात. मी आज त्याला 'मदतनीस' म्हणेन. मदतनिसाला ही वही लागतेच. २०२३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी 'मेमजीपीटी' नावाची रचना मांडली. हाताशी थोडं ठेवायचं, बाकीचं बाहेरच्या मोठ्या कोठारात ठेवायचं आणि लागेल तसं आत-बाहेर करायचं, ही त्यातली कल्पना. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी संगणकात २५ पात्रांचं एक गाव वसवलं. प्रत्येक पात्राची आठवणींची वेगळी यादी होती. समोर प्रसंग आला की कुठली आठवण वर काढायची, हे तीन गोष्टींवर ठरे. ती किती ताजी आहे, किती महत्त्वाची आहे आणि समोरच्या प्रसंगाच्या किती जवळची आहे.

आता ही वही कशी भरते ते पाहा. एखादी ताई मदतनिसाला सोमवारी सांगते, "आमच्याकडे दोन गाई आहेत." संभाषण संपल्यावर तो वहीत लिहितो, 'घरी दोन गाई.' गुरुवारी ती डेअरीच्या हिशेबाबद्दल विचारताना पुन्हा म्हणते, "दोन गाईंचं दूध घालते." तो पुन्हा लिहितो. मध्येच रेंज जाते, ताई तोच निरोप दुसऱ्यांदा पाठवते, तिसरी नोंद होते. सगळ्यात वाईट प्रकार चौथा. मदतनीस स्वतःचीच जुनी नोंद वाचून उत्तर देतो, आणि त्या उत्तरात आलेली गोष्ट नवी समजून परत वहीत घालतो. आपलाच आवाज डोंगरावरून परत यावा आणि कुणी दुसराच बोलला असं वाटावं, तसं. सहा महिन्यांत 'दोन गाई' ही नोंद वहीत पंधरा ठिकाणी असते.

जागा स्वस्त आहे, मग राहू द्या की पंधरा, असं वाटेल. पण मदतनीस अख्खी वही वाचत नाही. प्रश्न आला की त्या प्रश्नाच्या जवळच्या पाच-दहा नोंदी तो वर काढतो आणि तेवढ्यावर बोलतो. ताईने विचारलं, "गाईला हे औषध देऊ का?" तर गाईशी संबंधित पाच नोंदी वर येणार. पाचही 'दोन गाई' असल्या, तर 'तांबडीला मागच्या वेळी या औषधाने सूज आली होती' ही एकच, एकदाच सांगितलेली नोंद सहाव्या जागेवर राहते. सहावी नोंद कुणी वाचत नाही. शिवाय जी गोष्ट पाच वेळा समोर येते, तिला प्रारूप जास्त वजन देऊ लागतं. चावडीवर पाच जणांनी सांगितलेलं खरं वाटतं ना, तसं. फक्त इथे पाचही जण म्हणजे एकाच माणसाने पाचदा मारलेली हाक असते.

म्हणून दुबार आठवणी शोधणं हे या कामातलं रोजचं, कंटाळवाणं आणि फार जबाबदारीचं काम आहे. 'दुबार' हा शब्द मी मुद्दाम घेते. आपल्याकडे दुबार पेरणी असते, दुबार नाव असतं. २०२५ च्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने मतदार यादीतल्या संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापायचं ठरवलं, तेव्हा हा शब्द घरोघर पोचला. त्यातला 'संभाव्य' हा शब्द मला मोलाचा वाटतो. दोन तारे म्हणजे संशय. त्या माणसाला विचारणं त्यानंतर येतं.

शोधायचं कसं? अक्षरशः सारखी असलेली दोन वाक्यं शोधणं सोपं. मजकुराचा एक ठसा काढतात, ठसे जुळले की वाक्यं सारखी. पण मराठीत इथेच पहिली ठेच लागते. 'शेतकऱ्याला' या शब्दातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. 'ॲलर्जी'चं पहिलं अक्षर एकच चिन्ह म्हणून येतं, किंवा अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं म्हणून. आकडे कधी देवनागरी, कधी इंग्रजी. डोळ्याला दोन्ही शब्द तेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द असतात. म्हणून आधी सगळा मजकूर एका वळणाला आणावा लागतो. हे काम क्षुल्लक वाटतं. इंग्रजीसाठी बनवलेली अवजारं जशीच्या तशी उचलणाऱ्यांनी याच पायरीवर मराठीचं किती नुकसान केलं आहे, ते मी रोज पाहते.

पुढची पायरी थोड्याफार फरकाची वाक्यं. १९९७ मध्ये अँड्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरची जवळजवळ सारखी पानं ओळखण्यासाठी एक युक्ती मांडली. मजकुराचे काही शब्दांचे तुकडे घ्यायचे, प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढलेला. छपरावर कौलं घालतात तशी ही शब्दांची कौलं. त्या तुकड्यांचं इंग्रजी नावही छपराच्या फळ्यांवरूनच पडलं आहे. दोन पानांची किती कौलं सामाईक आहेत, त्यावरून ती किती सारखी हे कळतं. लांब मजकुराला ही पद्धत अजून उत्तम चालते. पण आठवण चार-पाच शब्दांची असते. 'वडिलांना मधुमेह आहे' आणि 'नानांना साखर आहे' यांच्यात सामाईक कौल एकही नाही, आणि वडिलांनाच नाना म्हणणाऱ्या घरात गोष्ट मात्र एकच.

त्यासाठी अर्थावर जावं लागतं. वाक्याचं रूपांतर आकड्यांच्या लांब रांगेत करतात. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने मराठीसाठी महाबर्ट आणि त्यावर आधारलेलं महाएसबर्ट ही प्रारूपं खुली केली आहेत. असं प्रारूप एका वाक्याचे ७६८ आकडे करतं, आणि ज्या वाक्यांचे अर्थ जवळचे त्यांच्या रांगा जवळ येतात. 'साखर आहे' आणि 'मधुमेह आहे' एकमेकांजवळ आणायचे असतील तर ते अशाच रीतीने. मग एक मर्यादा ठरवायची, तिच्यापेक्षा जास्त जवळ आलेल्या नोंदी दुबार समजायच्या. प्रत्येक नोंद प्रत्येक नोंदीशी ताडून पाहणं परवडत नाही. दहा हजार नोंदी असतील तर जोड्या होतात ४,९९,९५,०००. म्हणून आधी ढोबळ गट पाडतात, माणसांच्या नोंदी एकीकडे, जनावरांच्या दुसरीकडे, आणि गटातल्या गटात ताडतात.

इथवर सगळं गणित आहे, आणि ते चांगलं चालतं. पण जवळ असणं म्हणजे एक असणं नव्हे. 'बाजरी पेरली' आणि 'बाजरी पेरली नाही' यांच्या रांगा एकमेकींच्या फार जवळ येतात. विषय तोच, शब्द तेच, फक्त 'नाही' जास्त. 'आत्या आजारी आहे' आणि 'आत्या आजारी होती' यांचंही तसंच. मर्यादा सैल ठेवली तर आजारी आत्या बरी होऊन जाते. कडक ठेवली तर 'नाना' आणि 'वडील' कायमची दोन माणसं राहतात. मर्यादेचा असा एकही आकडा नाही जो दोन्ही चुका टाळेल. नवखी मुलं माझ्याकडे तो आकडा विचारत येतात, तेव्हा मी त्यांना पारनेर तालुक्याचा नकाशा दाखवते.

नकाशात पाहा. वडगाव सावताळ, वडगाव गुंड, वडगाव आमली, वडगाव दर्या. चार वडगावं एका तालुक्यात. लेणी असलेली टाकळी ढोकेश्वर आपली. निघोजला कुंडावर गेलात, रांजणखळगे पाहिलेत आणि कुकडी ओलांडलीत की पलीकडे टाकळी हाजी, ती पुणे जिल्ह्यातली. बोलताना आपण यांतलं कुठलंही नाव पूर्ण उच्चारत नाही. 'वडगावला गेलो होतो', 'टाकळीला लग्न आहे' एवढंच. ऐकणाऱ्याला कळतं, कारण तो बोलणाऱ्याला ओळखतो. यंत्राच्या वहीत मात्र टाकळी एकच होते. आणि उलट, अहमदनगर आणि २०२४ पासूनचं अहिल्यानगर ही दोन नावं वहीत दोन शहरं होऊन बसतात.

नकाशापेक्षा अवघड असतं नातं. आपल्या भागात सून सासऱ्यांना मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. मीही म्हणते. आईचा भाऊही मामाच आणि बापाची बहीणही आत्याच. हे मला पक्कं ठाऊक असतानाही माझ्या हातून जे घडलं, ते आज इथे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही.

आम्ही काही जणांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणाऱ्यांसाठी एक मराठी मदतनीस तयार केला होता. थोड्या घरांत तो वापरून पाहत होतो. आपल्याच तालुक्यातली एक ताई त्यात होती. तिची परवानगी घेऊन, नाव-गाव वगळून सांगते आहे. तिच्या सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी आठला असे, आणि मदतनीस तिला वेळेवर आठवण देई. वहीत नोंद होती, 'मामांना रक्तदाबाची गोळी, सकाळी ८.' एका संध्याकाळी तिने आवाजी निरोप पाठवला, "मामा गेले. उद्या मी शिरूरला आहे." तिच्या आईचे भाऊ वारले होते. मदतनिसाने लिहिलं, 'मामांचं निधन.' रात्री दुबार नोंदी एकत्र करणारी आमची आज्ञावली चालली. ती माझ्या हातची होती. वहीतले दोन 'मामा' तिने एक केले. नाव एक, नातं एक, ताईचं घर एक. मग आज्ञावलीने जे सुसंगत वाटलं ते केलं. वारलेल्या माणसाला गोळीची आठवण कशाला, म्हणून ती बंद केली.

दोन सकाळी गोळी चुकली. तिसऱ्या दिवशी दहनाच्या धावपळीतून ताई घरी आली आणि तिला मदतनिसाने सासऱ्यांबद्दल सांत्वनाचे दोन शब्द ऐकवले. तिने आमच्या क्रमांकावर फोन केला. तिचं पहिलं वाक्य होतं, "मामा ओट्यावर बसलेत हो माझे." सासऱ्यांना काही अपाय झाला नाही. पण तिचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. जाऊही नये.

आमच्याकडे काय नव्हतं, ते नंतर शोधत बसले, तर उत्तर फार जुनं निघालं. १९६९ मध्ये कॅनडातल्या इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी नोंदी जुळवण्याचं गणित घालून दिलं. वेगवेगळ्या दप्तरांतल्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी नोंदींच्या जोड्यांचे तीन ढीग केले. नक्की एक, नक्की वेगळे, आणि मधला ढीग, जो माणसाने डोळ्यांखालून घालायचा. मधला ढीग नको म्हणून आम्ही तो काढून टाकला होता. माणूस ठेवला की खर्च येतो, वेळ लागतो. दुसरी गोष्ट त्यांच्या गणितात होती, जिच्यामुळे मला गुरुजींची आठवण झाली. दोन नोंदींत एखादी गोष्ट जुळली, तर तिला किती वजन द्यायचं? ती किती दुर्मीळ आहे त्यावर. २९ फेब्रुवारी जुळली तर वजन फार. १ जून जुळला तर आपल्याकडे त्याचं वजन जवळजवळ शून्य. कान्हूर पठारला 'ठुबे' आडनाव जुळणं म्हणजे काहीच न जुळणं, तेच दोन ठुबे परदेशातल्या एका इमारतीत सापडले तर गोष्ट वेगळी. 'मामा' हा शब्द जुळणं हे तर १ जूनपेक्षाही हलकं. गणित न शिकता गुरुजींनी हे ओळखलं होतं. नाव, बाप, आडनाव, तारीख हे चारही जुळूनसुद्धा त्यांचं समाधान झालं नाही, आणि त्यांनी ठिकाण लिहिलं.

कुणी म्हणेल, आधार क्रमांकासारखं काही का करत नाही? आधारच्या यंत्रणेला दुबार माणूस शोधण्याचं काम बोटांच्या ठशांवर आणि डोळ्यांच्या बुबुळांवर करता येतं. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. माणसाला बोटं असतात. आठवणीला नसतात. जनावरालासुद्धा आता कानात १२ आकडी बिल्ला असतो, आठवणीला तोही नसतो. आठवणीची ओळख म्हणजे कोण, कुठे, कधी आणि कुणी सांगितलं. हे चार धागे नोंद करतानाच लिहिले नाहीत, तर नंतर कितीही हुशार यंत्र आणलं तरी ते मागे जाऊन विचारू शकत नाही.

यातला 'कधी' हा धागा मला सगळ्यांत नाजूक वाटतो. गेल्या वर्षी ताई म्हणाली, "तांबडी गाभण आहे." या वर्षी पुन्हा म्हणाली, "तांबडी गाभण आहे." अक्षर न अक्षर तेच. दुबार नोंद काढणारी साधी आज्ञावली यातली एक खोडेल आणि तांबडीचं एक वेत वहीतून नाहीसं होईल. एखादी म्हातारी मार्चमध्ये सांगते गुडघा दुखतो, मेमध्ये सांगते, जुलैत तीनदा सांगते. पाच नोंदींची एक केली तर वही नीटनेटकी होते. पण डॉक्टरला हवी असलेली गोष्ट, दुखणं वाढत चाललं आहे ही गोष्ट, त्या पुनरुक्तीतच होती. आपल्या लोकांची पुन्हा पुन्हा सांगण्याची एक रीत आहे. न विचारलेलं दुःख सरळ सांगता येत नाही, म्हणून तेच वाक्य वेगळ्या दिवशी पुन्हा येतं. यंत्र बनवणाऱ्याने ही रीत ओळखली पाहिजे.

याबाबतीत मला आदर्श वाटतो तो जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह. गी प्वातवें आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून, गावोगावच्या बायकांकडून, अनेक वर्षं खपून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल या संगणक जाणणाऱ्या सहकाऱ्याने त्यांची संगणकीय मांडणी केली, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या. यातल्या कितीतरी ओव्या मुळशीच्या बायकांच्या आहेत. सेनापती बापटांच्या गावात मुळशीचं नाव घेताना आवाज जरा बदलतोच. इथला मुलगा १९२१ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी उभा राहिला, धरणाविरुद्ध.

तर त्या ओव्या. एकच ओवी दहा गावांत, दहा बायकांच्या तोंडी असते. एकीच्या ओवीत भाऊ, दुसरीच्या ओवीत बाप, तिसरीच्या ओवीत गावाचं नाव बदललेलं. कौलांच्या पद्धतीने पाहिलं तर जवळजवळ सगळी सामाईक. नेटकेपणाचा सोस असलेला कुणी त्यांतली एक 'मूळ' ओवी ठरवून बाकीच्या गाळू शकला असता. या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि तिचं गाव नोंदलं गेलं. त्यामुळे आज तुम्ही एकीकडे म्हणू शकता की ही ओवी एकच आहे, आणि दुसरीकडे हेही की ती इतक्या जणींची आहे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी ठेवता येणं, हीच चांगल्या स्मृतीची ताकद. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, ते काम वेगळ्या प्रकारचं. तिथे कर्ता एक होता आणि नकलांमध्ये भर पडत गेली होती, म्हणून निवड करणं हाच धर्म होता. ओव्यांना एक कर्ता नाही. समोरचं साहित्य यांतल्या कुठल्या जातीचं आहे, हे ठरवल्यावर मग हत्यार उचलायचं.

मदतनिसाची वही मला बहुतेक वेळा तिसऱ्याच जातीची वाटते, आणि ती जात इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात आहे. सातबारा.

नवी गोष्ट आली की यंत्राने काय करावं, याची एक पद्धत २०२५ मध्ये 'मेम-झिरो' या नावाने प्रसिद्ध झाली. नवी गोष्ट घ्यायची, तिच्या जवळच्या जुन्या नोंदी काढायच्या, आणि प्रारूपाला चारांतलं एक निवडायला सांगायचं. नवी म्हणून घाल, जुनी सुधार, जुनी खोड, किंवा काहीच करू नकोस. उपयोगी पद्धत आहे, आम्हीही तिच्यासारखंच काही वापरत होतो. पण खोडण्याचा अधिकार यंत्राला रात्री एकट्याने मिळाला, की मामा मरतात. त्याच वर्षी 'झेप' नावाच्या दुसऱ्या एका रचनेचा निबंध मी वाचला. तिच्यात प्रत्येक गोष्टीला काळ जोडलेला असतो. ती प्रत्यक्षात कधीपासून कधीपर्यंत खरी होती, आणि वहीत कधी आली, कधी रद्द झाली. नवी गोष्ट जुनीला खोटं ठरवते तेव्हा जुनी पुसली जात नाही, तिच्यावर मुदत संपल्याची खूण होते. वाचता वाचता मी हसले. हा तर तलाठ्याचा कंस.

बाप वारला, मुलांची नावं लागली, तेव्हा सातबाऱ्यावरचं बापाचं नाव कुणी पांढऱ्या शाईने झाकत नाही. त्याला कंस होतो आणि फेरफाराचा क्रमांक पडतो. संगणकाच्या नव्या नमुन्यात आडवी रेघ येते. नाव वाचता येतं. का काढलं, कधी काढलं, कुणाच्या अर्जावरून काढलं, हे सगळं गाव नमुना ६ मध्ये, फेरफाराच्या वहीत सापडतं. आणि फेरफार एका दिवसात पक्का होत नाही. तलाठ्याने नोंद धरायची, हितसंबंध असलेल्यांना नोटीस द्यायची, हरकतीला १५ दिवस ठेवायचे, मग मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचं. या व्यवस्थेत वर्षानुवर्षं अडकलेली माणसं या सभागृहात आहेत, हे मला माहीत आहे, आणि तिचं कौतुक त्यांना रुचणार नाही. पण रचना म्हणून तिच्यात मोठं शहाणपण आहे. ज्याने नोंद धरली त्यानेच ती पक्की करायची नाही. ज्याच्यावर परिणाम होणार त्याला आधी कळवायचं. जुनं वाचता येईल असं ठेवायचं.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमची वही याच तीन गोष्टींवर पुन्हा बांधली. दुबार वाटलेली नोंद आता खोडली जात नाही, तिला कंस होतो. कंसातली नोंद पाच जवळच्या नोंदींत येत नाही, त्यामुळे 'दोन गाई' पाच जागा अडवत नाहीत. पण कंस कधीही काढता येतो. किती वेळा आणि कुठल्या दिवशी तीच गोष्ट सांगितली, हे नोंदीबरोबर राहतं, म्हणजे गुडघ्याच्या पाच तक्रारी एका ओळीत दिसल्या तरी पाचही तारखा शाबूत असतात. जोडणारी आज्ञावली आणि मंजूर करणारी आज्ञावली वेगळ्या केल्या. औषध, मृत्यू, पैसे आणि जमीन या चार विषयांत यंत्र काहीही एक करत नाही, ते विचारतं. मधला ढीग परत आला. त्याने काम हळू झालं. हळू झालं ते बरं झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक रिवाज आम्ही थेट गावाकडून उचलला. सातबारे संगणकावर चढले तेव्हा त्यांत चुका राहिल्या होत्या, म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झालं. सगळ्यांसमोर उतारे वाचायचे, ज्याचं त्याने ऐकायचं, चूक असेल तर तिथल्या तिथे सांगायचं. आमचा मदतनीस आता दर काही महिन्यांनी घरातल्यांना त्यांची वही वाचून दाखवतो. मोबाइलवर दाखवण्याने भागत नाही, कारण ज्यांच्याबद्दल नोंदी असतात त्या म्हाताऱ्या माणसांपैकी बरीच वाचत नाहीत. मोठ्याने, मराठीत, सावकाश. संशय असलेल्या जोड्यांशी तो थांबतो आणि विचारतो.

पहिल्या वाचनाला मी त्याच ताईच्या घरी गेले होते. गेलं पाहिजे असं वाटलं. मामा, म्हणजे तिचे सासरे, ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. ताईने मोबाइल त्यांच्याजवळ ठेवला. नोंदी एकेक येत गेल्या. तांबडीची दोन वेतं आली, त्यांनी मान डोलवली. वारलेल्या मामांचं नाव आलं, आता त्यापुढे 'आईचे भाऊ, शिरूर' असं होतं. ताईने पदर तोंडाशी नेला आणि पुढे चल म्हणून खूण केली. मग मदतनीस म्हणाला, "जूनमध्ये नोंद आहे, खालच्या रानात बाजरी पेरली. जुलैमध्ये नोंद आहे, खालच्या रानात बाजरी पेरली. ही नोंद दुबार झाली आहे का? एकच ठेवू का?"

मामा थोडे पुढे सरकले.

"दुबारच हाये ती," ते म्हणाले. "पयली करपून गेली. पाऊसच न्हाई आला. बी दोनदा घेतलंय, पोरी, सांग त्याला."

ताईने मोबाइल उचलला, तोंडाजवळ नेला आणि म्हणाली, "दोन्ही ठेव."